मुलांच्या पावलांनी सातारा

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ तळाला गेला आणि पाहुणे पांगले, की सुट्टीचे उरलेले आठ-दहा दिवस मुलांचं करायचं काय, हा प्रश्न तुमच्यासारखाच मलाही पडतो. यंदा त्याचं उत्तर आमच्या वन्संनी दिलं, तेही साता समुद्रापलीकडून आणि त्यांच्या नकळत.

वन्सं स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा शहरात असतात. भाऊबीजेला त्यांनी मोबाइलवरच ह्यांना ओवाळलं (हल्ली ओवाळणीही अशीच होते, काय करणार!) आणि मग भाचरांना फोटो दाखवायला घेतले. काळ्या खडकावर किल्ला, किल्ल्यापासून खाली राजवाड्यापर्यंत उतरत गेलेला मैलभर लांबीचा दगडी रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना अरुंद बोळ, बोळांतून पायऱ्या. त्या पायऱ्यांवर रेनकोट घालून बसलेली वन्संची दोन मुलं. “सुट्टीच्या दिवशी पायीच फिरतो आम्ही,” वन्सं म्हणाल्या. शेवटचा फोटो एका कुत्र्याच्या पुतळ्याचा होता. बॉबी त्याचं नाव. धनी वारल्यावर चौदा वर्षं त्याच्या थडग्यापाशी बसून राहिला, असं तिथले लोक सांगतात. १८७२ साली तो गेला आणि पुढच्याच वर्षी भर चौकात त्याचा पुतळा उभा राहिला.

झालं! आमचा बंड्या, वय वर्षं चार, हटून बसला. “आपल्या गावात कुत्र्याचा पुतळा का नाही?”

मी काहीतरी समजूत घालणार, तोच देवापाशी वाती वळत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “नाही कसा? आहे की माहुलीला. शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी आहे तिथं.”

मी बघतच राहिले. नऊ वर्षं झाली मला या घरात येऊन. माहेर माझं सांगलीचं. आमचा कृष्णेचा घाट, आमचं गणपतीचं देऊळ, आमचा आयर्विन पूल, असं सांगलीचं कौतुक मी या नऊ वर्षांत सासरच्यांना इतक्या वेळा ऐकवलंय, की ‘आमच्या सांगलीला’ म्हटलं की हे हात जोडतात. पण साताऱ्यात मी पाहिलं काय? मंडई, मुलांची शाळा, बँक आणि एस. टी. स्टँड. अजिंक्यतारा रोज गच्चीवरून दिसतो, कपडे वाळत घालताना. वर मात्र एकदाही गेले नव्हते.

बंड्याला तर नावातच गंमत सापडली होती. “बंड्या आणि खंड्या, बंड्या आणि खंड्या,” असं म्हणत तो रात्री झोपेपर्यंत नाचत होता.

“त्यात काय, गाडी काढतो. तासाभरात दाखवून आणतो,” हे म्हणाले. मी म्हटलं, नको. वन्संची मुलं पायी फिरतात, तर आपलीही फिरतील. कुत्रा शेवटी बघायचा, आधी गाव बघायचं. दुसऱ्या दिवशी वन्संना पुन्हा फोन लावला आणि विचारलं, एवढ्याएवढ्या मुलांना घेऊन चालायचं कसं हो? त्यांनी सांगितलेलं मी लिहूनच घेतलं. “वहिनी, एका दिवशी एकच मोठी गोष्ट. मुलं दमायच्या आत थांबायचं, दमल्यावर नाही. आणि आपण दाखवत सुटायचं नाही, त्यांना काहीतरी शोधायला द्यायचं.” हे तिसरं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. तुम्हीही करून बघा.

मग मनूला, म्हणजे आमच्या थोरलीला, वहीत सात वार लिहायला लावले. ती सात वर्षांची, दुसरीत आहे. नवीन वाचायला येणाऱ्या मुलांना दिसेल ते वाचायचा सोस असतोच. साताऱ्याच्या पेठांना पुण्यासारखीच वारांची नावं आहेत. दुकानांच्या पाट्यांवर खाली बारीक अक्षरांत पत्ता असतो, त्यात पेठेचं नाव हमखास सापडतं. एकेक वार सापडला की वहीत खूण करायची, सातही सापडले की कंदी पेढा. बंड्याला वाचता येत नाही, तेव्हा त्याच्याकडे वाटेतली कुत्री मोजायचं काम दिलं. (वीसच्या पुढे त्याला येत नसल्यानं तो प्रत्येक वेळी वीसवरून पुन्हा एकवर येई.)

आता पिशवीत काय घेतलं तेही सांगते, कारण प्रवासवर्णनं लिहिणारी पुरुषमंडळी हे कधी सांगत नाहीत. पाण्याच्या दोन बाटल्या, चुरमुरे-फुटाणे, चार दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, ओलं फडकं, बंड्याची जादा चड्डी, दोन सेफ्टी पिना. मनूला दिवाळीच्या नव्या चपला घालायच्या होत्या. मी जुने बूटच घालायला लावले. रुसली खरी, पण नवी चपला पहिल्याच दिवशी लागली असती तर पुढचे दोन दिवस बुडालेच असते. निघायचं सकाळी सात वाजता, परतायचं दहाच्या आत. मग ऊनही नाही आणि गाड्यांची गर्दीही कमी.

आम्ही राहतो मंगळवार पेठेत. त्यामुळे मनूचा पहिला वार दारातच सापडला आणि ती एकदम खुशीत आली. पुढे मात्र वारांचा काही क्रम लागेना. शुक्रवारामागून शनिवार येईल म्हणून बघावं तर भलतीच पेठ निघे. मधे भवानी पेठ, सदाशिव पेठ, यादोगोपाळ पेठ. “आई, हे कुठले वार?” मला तरी कुठं माहीत! मनूनं वहीच्या मागच्या पानावर ‘जास्तीचे वार’ असा नवा मथळा काढला आणि ती नावं तिथं लिहिली.

मला एवढं ठाऊक होतं, की हे गाव वसवलं ते शाहू महाराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवानं. १२ जानेवारी १७०८ रोजी अजिंक्यताऱ्यावर त्यांना राज्याभिषेक झाला आणि पुढे त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी शाहूनगर उभं केलं. एरवी राज्य किल्ल्यावर असायचं. शाहूंनी ते खाली, बाजारपेठेत आणून ठेवलं. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा बंड्यानं विचारलं, “कुत्रा पण खाली आणला?” म्हटलं, हो, तोही आणला.

राजवाड्यापाशी आलो तेव्हा चारच वार झाले होते आणि बंड्याच्या बाटलीतलं निम्मं पाणी त्याच्या पायांवर. चिखल करून त्यात उड्या मारायचा त्याचा नवा खेळ चालला होता. आम्ही एका पायरीवर टेकलो. जुन्या राजवाड्याची ती लाकडी कमान, ते सज्जे मी येता-जाता पाहिले होते, पण उभं राहून कधी पाहिले नव्हते. याच वाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. दाखल्यावर नाव होतं भिवा रामजी आंबेडकर. नऊ वर्षांचा होता. त्यांच्या शाळाप्रवेशाचा तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, त्यामुळे मनूला नाव माहीत होतं. “आमच्या बाईंनी सांगितलंय,” ती म्हणाली. “पण ते इथं होते हे नाही सांगितलं.”

मी तिला सांगितलं काय झालं ते. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली हकीकत आहे. शाळेत त्यांना वेगळं बसावं लागे, बसायला स्वतःचं तरटाचं बसकूर न्यावं लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर नाही. न्हावी केस कापायला तयार नसे, म्हणून घरी बहीणच भावंडांचे केस कापी. आई लहानपणीच गेलेली. वडील नोकरीनिमित्त दूर गोरेगावला. १९०१ च्या उन्हाळ्यात सुट्टीला वडिलांकडे जायचं म्हणून भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि भाचे निघाले. मुलंच ती! नवे सदरे, नव्या चकचकीत टोप्या, नवे जोडे घालून निघाली. साताऱ्याजवळच्या स्टेशनातून मसूरपर्यंत आगगाडी. उतरल्यावर न्यायला कुणी आलं नव्हतं, कारण पत्र वडिलांच्या हातात पडलंच नव्हतं. जात कळल्यावर एकही गाडीवान बैलगाडी देईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनीच गाडी हाकायची आणि त्यानं खाली पायी चालायचं या अटीवर. डब्यात खायला भरपूर होतं. पण रात्रभर वाटेत त्यांना कुणी पाणी दिलं नाही. पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून भरला डबा जवळ असून मुलं उपाशी झोपली.

मनू बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं एवढंच विचारलं, “घोटभरसुद्धा नाही?”

“नाही.”

तिनं बंड्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि झाकण घट्ट फिरवून आपल्या पिशवीत टाकली. बंड्यानं भोकाड पसरलं. त्याला बिचाऱ्याला काय कळणार! मला मात्र आपलं घर आठवलं. आमच्याही घरात, माझ्या आजेसासूबाईंच्या वेळेपर्यंत, कामाला येणाऱ्या बाईचा पेला परसदारी वेगळा ठेवलेला असे. सासूबाईंनीच मला हे एकदा सांगितलं होतं, जरा खाली मान घालून. हे मात्र मी मनूला त्या पायरीवर सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, याचा विचार अजून करते आहे.

उरलेले तीन वार शोधताना रड झाली ती वेगळ्याच कारणानं. कमानी हौदापाशी मनू माझ्या कानात म्हणाली, “आई, मला जायचंय.” आता लहान मुलाला काय, कुठंही उभं करता येतं. मुलीचं तसं नाही. एका ठिकाणी ‘महिलांसाठी’ अशी ठसठशीत पाटी होती, पण दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे, तर कुणालाच ठाऊक नाही. शेवटी एका कापडदुकानाच्या मागच्या घरातल्या बाईंनी आमची अवस्था ओळखली आणि “या हो, आत या, लेकरू आहे,” म्हणून आत घेतलं. वर हातावर गूळ ठेवला. परक्या मुलुखात वन्सं काय करतात, हे मी त्यांना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, “आम्ही घरून निघतानाच वाटेतली ठिकाणं बघून ठेवतो. संग्रहालय, वाचनालय, असं.” मीही आता तेच करते. ओळखीचं घर, शाळा, मोठं देऊळ, काहीतरी मनात धरूनच मार्ग आखायचा. लाजून चालत नाही.

सातवा वार, म्हणजे रविवार, पार पोवई नाक्याकडे निघाला. तिथून परत घरापर्यंत चालवणं मुलांवर अन्याय झाला असता, तेव्हा सरळ रिक्षा केली आणि मोती चौकात उतरून पेढे घेतले. खवा चांगला खमंग भाजून केलेला हा पेढा आपल्या पांढऱ्या पेढ्यासारखा गुळमट नसतो. वासावरूनच ओळखू येतो. मनूनं एक खाल्ला आणि एक पिशवीत ठेवला. कुणासाठी, ते सांगेना.

दुसऱ्या दिवशी हेही बरोबर आले आणि आश्चर्य म्हणजे सासूबाईही. “मी चार भिंतींपर्यंत येते. पुढं तुमचं तुम्ही जा,” म्हणाल्या. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर ही जागा आहे. दसऱ्याची स्वारी राजघराण्यातल्या बायकांना नीट दिसावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी ती बांधली. सासूबाई तिथं पोचल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, “बायकांसाठीच बांधलीय ना? मग मी इथंच बसणार.”

पण या भिंतींशी दुसरीही आठवण जोडलेली आहे. याच प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ चौदा वर्षं तिथं राहिले. अर्ज लिहिले, भाषणं केली, दारोदार फिरले. ज्यांच्यासाठी गेले ते महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले, आणि १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत भांडत राहिले. न्याय मिळाला नाही. परत आल्यावर १८५७ च्या उठावाच्या तयारीत त्यांचा हात होता. बेत फुटला, ते निसटले, पण ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. चार भिंती आज त्या लोकांचं स्मारक म्हणून ओळखल्या जातात.

“परदेशी जाणं म्हणजे तेव्हा काय असेल गं,” सासूबाई म्हणाल्या. मला वाटतं त्यांच्या मनात रंगो बापूजींची बायको असावी. की वन्सं होत्या कोण जाणे. लेकीला तिकडं जाऊन सहा वर्षं झाली. मोबाइलवर रोज तोंड दिसतं, तरी सासूबाई घड्याळाचे साडेपाच तास अजून बोटांवर मोजतात.

किल्ल्याचं मी फार सांगत नाही. किल्ल्यावर गाडीरस्ता जातो. आम्ही पायवाटेनं गेलो, मधे दोनदा बसलो. बंड्या निम्मी वाट ह्यांच्या खांद्यावर होता आणि तिथून सगळ्यांना ‘चला, चला’ करत होता. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः या किल्ल्याखाली तळ देऊन बसला होता आणि किल्ला घ्यायला त्याला साडेचार महिने लागले, हे ह्यांनी सांगितलं. मंगळाईच्या बुरुजाखाली मोगलांनी सुरुंग लावला, पण दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या अंगाला कोसळून त्यांचीच माणसं गाडली गेली. मुलांना ही गोष्ट फार आवडली, तीनदा सांगावी लागली. मला आवडलं ते वरून दिसणारं गाव. इतकी वर्षं मी खालून किल्ला बघत होते. आता वरून मनूनं तळं शोधलं, तळ्यावरून आमची गल्ली शोधली, आणि “आई, आपली गच्ची! तुझी साडी वाळतेय!” म्हणून ओरडली. साडी आमची नव्हती, शेजारच्यांची होती. पण गच्ची आमचीच.

त्या रात्री दोघं आठ वाजताच झोपली. एरवी दहापर्यंत धुमाकूळ असतो. पायांना खोबरेल तेल चोळून दिलं. माझेही पाय भरून आले होते, पण माझ्या पायांना कोण चोळणार!

मधे एक दिवस विश्रांती घेतली आणि मग माहुली. गावापासून चार-पाच किलोमीटर असल्यानं तिथवर रिक्षानं गेलो, चालायचं ते नदीकाठी. वेण्णा इथं कृष्णेला मिळते. एका काठाला संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. न्यायासाठी पेशव्यालाही न भ्यालेले रामशास्त्री प्रभुणे मूळचे या माहुलीचेच. काळ्या दगडाची जुनी देवळं, खाली उतरणारे घाट आणि नदीपात्राच्या कडेनं समाध्याच समाध्या. सकाळी धुकं होतं. धुणं धुणाऱ्या एका आजींना विचारलं, तर त्यांनी हातातला पिळा तसाच धरून मानेनं दाखवलं, “कुत्रं व्हय? त्ये काय तितं!”

दगडात कोरलेला, झिजलेला खंड्या. बंड्या धावत गेला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला. कुणी काही बोलायच्या आत त्यानं नाक चोळायला हात पुढे केला, कारण एडिंबऱ्याला लोक बॉबीचं नाक चोळतात हे त्यानं ऐकलं होतं. मनूनं हात धरला. “आत्या म्हणाली ना, चोळून चोळून नाकाचा रंग गेला, म्हणून तिथली माणसं रागावतात?” मग त्यानं नुसताच नमस्कार केला.

आता खंड्याची गोष्ट. शिकारीला गेले असताना वाघ अंगावर आला, तेव्हा या कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याला जहागीर दिली, फिरायला पालखी दिली. पुढे एकदा एक सरदार मोठ्या भपक्यात, जडजवाहीर घालून भेटीला येणार होता. महाराज साधे राहणारे. त्यांनी काय केलं, कुत्र्यालाच भरजरी कपडे आणि दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला दरबारात बसवलं! ही गोष्ट लिहून ठेवली ती ग्रँट डफ या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यानं. १८१८ ते १८२२ या काळात तो साताऱ्याला होता आणि १८२६ साली त्यानं मराठ्यांचा इतिहास छापला. आणि हा ग्रँट डफ मूळचा स्कॉटलंडचा! म्हणजे वन्सं जिथं राहतात त्याच देशातला. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली आणि आम्ही रांगा लावून ती पाहिली, आठवतंय? तीही याच ग्रँट डफच्या घराण्याकडून तिकडं गेलेली. ती महाराजांनी वापरलेलीच का, यावर जाणत्यांचे मतभेद आहेत. कुत्र्याबद्दल मात्र बंड्याला काही शंका नव्हती.

मनू तेवढ्यात पुढं गेली होती. “इथं महाराजांची आई पण आहे?”

येसूबाईंची समाधी माहुलीला आहे. बरीच वर्षं ती कुणाच्या लक्षात नव्हती. अलीकडे अभ्यासकांनी जागा शोधून काढली. ताराराणींचीही समाधी इथंच. मी मनूला येसूबाईंबद्दल सांगायला लागले, आणि सांगता सांगता माझं मलाच काहीतरी व्हायला लागलं.

१६८९ साली रायगड पडला, तेव्हा येसूबाई आणि त्यांचा मुलगा मोगलांच्या हाती सापडले. संभाजी महाराजांना त्याच वर्षी औरंगजेबानं मारलं होतं.

“शाहू केवढा होता?”

“सात वर्षांचा.”

“माझ्याएवढा,” मनू म्हणाली. “पण आई होती ना बरोबर?”

“होती.”

“मग ठीक आहे.”

बादशहाची छावणी आज इथं, उद्या तिथं. मायलेकरांचं सगळं आयुष्य त्या तंबूंमधून. मुलाला ताप आला असेल, दात पडले असतील, अंगरखे आखूड झाले असतील. सात वर्षांचा मुलगा त्या कैदेत पंचवीस वर्षांचा झाला. माझी मुलगी तीन सकाळी चालली, तर मी जादा चड्डीपासून सेफ्टी पिनांपर्यंत पिशवी भरून घेतली होती.

“मग सुटले?”

“महाराज सुटले, १७०७ साली. पण आई ओलीस म्हणून मागं राहिली.”

मनूचा चेहरा उतरला. हे तिला बिलकूल मंजूर नव्हतं. “किती दिवस?”

“त्या परत आल्या १७१९ मध्ये. काढ वजाबाकी.”

तिनं वही उघडली. हातचा घ्यायला लागला नाही, चटकन उत्तर आलं. बारा. त्याच्यापुढं तिनं ‘वर्षं’ असं लिहिलं आणि वही मिटली. मग पिशवीतून तो परवाचा पेढा काढला. कागदाला तूप सुटलं होतं. मला वाटलं खंड्यासाठी ठेवला असेल. तिनं तो दोन भाग करून अर्धा बंड्याला दिला, अर्धा माझ्या तोंडात घातला.

परतण्याआधी घाटावर दशम्या खाल्ल्या. बंड्या पाण्यात पानं सोडत बसला होता. एक पान भोवऱ्यात गरगर फिरलं आणि धारेला लागलं.

“हे कुठं जाणार?”

नऊ वर्षांत हे मला सुचलंच नव्हतं. हीच कृष्णा पुढं कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि तिथून सरळ माझ्या माहेरच्या घाटावर जाते. मी ज्या पाण्याचं कौतुक सासरी सांगत होते, ते इथूनच तर आलेलं.

“सांगलीला,” मी म्हटलं. “आजोळी.”

मग काय विचारता! दोघांनी मिळून काठावरची पानं वेचली, एकात फुटाणे भरले, एकात झेंडूचं फूल ठेवलं, आणि मला तिथूनच आईला फोन लावायला लावला. “आजी, घाटावर जाऊन उभी राहा,” बंड्या फोनमध्ये ओरडला. “आम्ही खाऊ पाठवलाय. हिरव्या पानात आहे.”

आई म्हणाली, “जाते बाई. पदर खोचून जाते.”